नाव आणि कृती : ‘किंगडम कम’च्या निमित्ताने प्रकारनिर्मितीचा विचार

वाङ्मयप्रकारांची चर्चा करताना आपण बहुधा असे गृहीत धरतो की, आधी काही कृती निर्माण होतात, कालांतराने त्यांच्यातील समान विशेष जाणवू लागतात आणि अखेरीस समीक्षक त्या विशेषांच्या समुच्चयाला एक नाव देतो. हा क्रम समीक्षकाच्या सोयीचा आहे, कारण त्यात त्याच्याकडे केवळ नोंदणी-कारकुनाचे काम येते आणि कृतीच्या भवितव्याची कोणतीही जबाबदारी त्याच्यावर पडत नाही. प्रत्यक्ष व्यवहार मात्र इतका निष्पाप नसतो. नाव दिल्याने कृती वाचली जाते, तशीच ती नावाखाली गाडलीही जाते. प्रस्तुत लेखात ज्या उदाहरणाच्या आधारे हा मुद्दा मांडावयाचा आहे, ते साहित्यातील नाही; पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतातील आहे. ‘सर लॉर्ड बॉल्टिमोर’ या न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील त्रिकुटाची ‘किंगडम कम’ ही पहिली ध्वनिमुद्रिका १९७० साली मर्क्युरी या कंपनीने प्रकाशित केली. ती आज फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांतील बहुतेकांना ती एका परीक्षणामुळे ठाऊक आहे.

हे परीक्षण माइक साँडर्स यांनी ‘क्रीम’ या अमेरिकन मासिकाच्या मे १९७१च्या अंकात लिहिले. त्यात त्यांनी या ध्वनिमुद्रिकेच्या संदर्भात ‘हेवी मेटल’ हा शब्द वापरला. आणि पुढील काळात, एका संगीतप्रकाराचे नाव म्हणून हा शब्द येथे प्रथम आला, अशी समजूत रूढ झाली. संदर्भग्रंथांतून, पुनर्प्रकाशनांच्या जाहिरातींतून, चाहत्यांच्या आठवणींतून ती अखंड फिरत राहिली आहे. ‘किंगडम कम’चा उल्लेख झाला की पाठोपाठ या परीक्षणाचा उल्लेख येतो आणि विषय संपतो.

समजूत तपासू लागले की ती टिकत नाही. विल्यम बरोज यांच्या ‘द सॉफ्ट मशीन’ (१९६१) या कादंबरीत ‘हेवी मेटल’ हे बिरुद लावणारे एक पात्र आहे. १९६८ साली ‘स्टेपनवुल्फ’च्या एका गाजलेल्या गाण्यात हे शब्द मोटारसायकलच्या गडगडाटासाठी आले. त्याच वर्षी बॅरी गिफर्ड यांनी ‘रोलिंग स्टोन’मध्ये ‘इलेक्ट्रिक फ्लॅग’ या वाद्यवृंदाबद्दल लिहिताना ते संगीताला लावले. आणि खुद्द साँडर्स यांनीच नोव्हेंबर १९७०मध्ये ‘हम्बल पाय’च्या एका ध्वनिमुद्रिकेची संभावना करताना ते तुच्छतेने वापरले होते. तेव्हा ‘प्रथम’ हा मान केवळ कालक्रमानेही मे १९७१ला देता येत नाही.

परंतु खरी गंमत याहून पुढे आहे. साँडर्स यांच्या परीक्षणातील ज्या वाक्याचा दाखला दिला जातो, त्याचा आशय असा आहे की, या मंडळींनी हेवी मेटलच्या पोथीतील जवळजवळ सर्व उत्तमोत्तम क्लृप्त्या आत्मसात केल्या आहेत. म्हणजे ज्या वाक्यात प्रकाराचा जन्म झाला असे आपण मानतो, त्या वाक्यातच प्रकाराची पोथी आधीपासून लिहिलेली आहे! तिच्यातील क्लृप्त्या मोजता येतात, त्यांतील उत्तम कोणत्या हे ठरवता येते आणि एखादा नवशिका त्या पाठ करू शकतो. ‘ब्लॅक सॅबथ’ची पहिली ध्वनिमुद्रिका १३ फेब्रुवारी १९७०ला ब्रिटनमध्ये निघाली होती, ‘डीप पर्पल’ची ‘इन रॉक’ त्याच वर्षीच्या जूनमधील, सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘ब्लू चीअर’ने तर १९६८च्या जानेवारीतच कानठळ्या बसवल्या होत्या. साँडर्स यांना कोणाच्या बारशाला आपण आलो आहोत असे मुळीच वाटत नव्हते. एका तयार घरात शिरलेल्या पाहुण्याला ते शाबासकी देत होते. बारसे आपण मागाहून घातले.

हा प्रकार आपल्याला अपरिचित नाही. ‘यमुनापर्यटन’ ही बाबा पदमनजींची १८५७ मधील कृती मराठीतील पहिली कादंबरी म्हणून गेली अनेक वर्षे मी वर्गात शिकवीत आलो आहे. उत्तरपत्रिकांत ‘पहिली’ हा शब्द न चुकता येतो. त्या कादंबरीतील विधवांच्या दुःखाचा शब्द क्वचित येतो. पहिलेपणाचा मान हा असा विचित्र मान आहे : तो कृतीला अभ्यासक्रमात आणतो आणि वाचकाच्या हातातून काढून घेतो. एकदा पदव्युत्तर वर्गात मी हे तावातावाने बोललो, तेव्हा एका विद्यार्थ्याने दुसऱ्या दिवशी ‘किंगडम कम’ची प्रत माझ्या टेबलावर आणून ठेवली. “सर, ही पण पहिलीच आहे म्हणतात. ऐकून सांगा.” माझ्या कानांना या संगीताची सवय नव्हती, आणि आजही ती पुरेशी आहे असा माझा दावा नाही. पण ऐकल्यावर जे लक्षात आले ते कोणत्याही इतिहासात लिहिलेले नव्हते.

प्रथम लक्षात येते ती घाई. दहा गाणी, एकूण काळ चाळीस मिनिटांच्या आत. ‘मास्टर हार्टेक’ या पहिल्या गाण्याचा आरंभ गिटारने होत नाही. गॅरी जस्टिन यांची बास गिटार, मुद्दाम फाटवलेल्या आवाजात, एक खडबडीत स्वरवाक्य पुनःपुन्हा उच्चारीत पुढे येते. बासचे पारंपरिक काम पायाचे, मागे राहून आधार देण्याचे. येथे पायाच अंगावर चालून येतो. त्यानंतर लुई डाम्ब्रा यांची गिटार येते, आणि ती एक नाही. तिचे अनेक थर एकमेकांवर चढवलेले आहेत. एक थर डाव्या कानात वाक्य सुरू करतो, दुसरा उजव्या कानात ते तोडतो. तिघांचा वाद्यवृंद असून ऐकणाऱ्याला गर्दीत सापडल्यासारखे वाटते. ध्वनिमुद्रिकेचे अंतिम ध्वनिमिश्रण हेंड्रिक्सच्या ‘इलेक्ट्रिक लेडी’ या स्टुडिओत एडी क्रेमर यांच्या हाताखाली झाले, ही माहिती येथे अप्रस्तुत नाही. हा स्टुडिओ १९७०च्या ऑगस्टमध्ये सुरू झाला आणि १८ सप्टेंबरला हेंड्रिक्स वारला. ज्या जागेत ध्वनीला अवकाशासारखे वापरण्याचे नवे तंत्र सिद्ध होत होते, त्या जागेचे संस्कार या कृतीवर स्पष्ट ऐकू येतात.

‘ब्लॅक सॅबथ’शी तुलना केली म्हणजे हा विशेष अधिक उठून दिसतो. सॅबथच्या संगीतातील जडपणा संथपणातून येतो : एक स्वरवाक्य ओझ्यासारखे ठेवले जाते, मग उचलले जाते, मग पुन्हा ठेवले जाते. पुढे रूढ झालेल्या प्रकाराने हाच जडपणा आपला धर्म मानला. ‘किंगडम कम’मध्ये ओझे आहे, पण ते घेऊन माणूस धावत सुटला आहे. केवळ शीर्षकगीत, जे दुसऱ्या बाजूच्या आरंभी येते आणि सहा मिनिटांहून लांब आहे, त्यातच हे त्रिकूट थांबून पाऊल टाकते. आणि मला वाटते, म्हणूनच प्रकाराच्या चाहत्यांना ते गाणे सर्वांत जवळचे वाटते. त्यांना त्यात आपले पुढचे घर दिसते.

आता आवाजाविषयी. जॉन गार्नर हे या त्रिकुटाचे मुख्य गायक आणि तेच ड्रम्स वाजवणारे. ही जोडी रॉक संगीतात दुर्मिळ आहे. रोलाँ बार्थ यांनी १९७२ मध्ये लिहिलेल्या ‘आवाजाचा पोत’ या अर्थाच्या प्रसिद्ध निबंधात पान्झेरा आणि फिशर-डिस्काव या दोन गायकांचा भेद सांगितला आहे. एकाच्या गाण्यात भाषेचे अंग, गळ्याची, दातांची, जिभेची जडता ऐकू येते. दुसऱ्याच्या गाण्यात निर्दोष अभिव्यक्ती असते, पण शरीर नसते. बार्थ जर्मन आणि फ्रेंच कलागीतांविषयी बोलत होते. गार्नर त्यांच्या स्वप्नातही आले नसते. तरीही त्या भेदाचा उपयोग येथे होतो. गार्नर यांचे गाणे बहुतेक वेळ तार सप्तकाच्या टोकाला असते आणि तेथे ते सुरेल राहण्याची धडपड करीत नाही. शब्दाचा शेवट ते ओढीत नाहीत, आपटतात. टिपरू ढोलावर पडते तसा व्यंजनावर आवाज पडतो. ओळीचा अर्थ पुष्कळदा निसटतो, पण ओळ उच्चारणाऱ्या माणसाला धाप लागली आहे हे निसटत नाही. पुढे या प्रकारातील गायकांनी उंच स्वराला एक पराक्रम बनवले. वर्षानुवर्षे घासून, लखलखीत करून तो सादर केला. गार्नर यांच्या किंकाळीत पराक्रम नाही. तो घासलेला नाही, म्हणूनच तो पुन्हा कोणाला वापरता आला नाही.

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो घ्यायलाच हवा. हा ‘न घासलेला’ आवाज कोणी विकायला काढला होता? माइक ॲपल आणि जिम क्रेटेकॉस या दोघांनी ही ध्वनिमुद्रिका सिद्ध केली आणि गाण्यांच्या लेखनातही त्यांचा वाटा मोठा होता. याच दोघांनी वेस फॅरेल यांच्यासमवेत ‘पार्ट्रिज फॅमिली’ या दूरचित्रवाणी मालिकेतील गोंडस कुटुंबासाठी एक गाणे लिहिले, ते १९७१ साली लोकप्रिय झाले. याच दोघांनी पुढे १९७२ मध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीन या अज्ञात तरुणाला करारबद्ध केले. ॲडोर्नो यांनी १९४१च्या आपल्या निबंधात लोकप्रिय संगीतावर जो आरोप ठेवला होता, त्याला याहून सोयीचा पुरावा मिळणार नाही : साचा एक, वरचे रंग वेगळे, बंडखोराला बंड आणि बालकाला गोडवा, दोन्ही एकाच दुकानातून.

हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. या गाण्यांतील शब्द बव्हंशी बेताचेच आहेत, आणि स्त्रीविषयीचा त्यांतील दृष्टिकोन त्या काळातील तरुण पुरुषांच्या संगीतात जसा असे तसाच, म्हणजे उथळ आणि कधी कधी चीड आणणारा आहे. ‘पम्प्ड अप’ किंवा ‘आय गॉट अ वुमन’ यांची बाजू घेऊन मी काही बोलणार नाही. ‘हेलियम हेड’मध्येही शीर्षकाइतकी चतुराई गाण्यात उरत नाही. परंतु साच्याचा सिद्धान्त कृती कशी तयार झाली हे सांगतो. तयार होताना तिच्यात काय बिघडले, हे त्याला ऐकू येत नाही. ॲपल-क्रेटेकॉस यांच्या व्यावसायिक कारागिरीवर गार्नर, डाम्ब्रा आणि जस्टिन या तिघांनी इतका भार टाकला आहे की गाण्याचा सांगाडा करकरू लागतो. लोकप्रिय गीताची सुबक बांधणी, म्हणजे कडवे, ध्रुपद, पुन्हा कडवे, येथे आहेच. पण ती ओलांडून वाद्ये सारखी बाहेर सांडतात. मला या ध्वनिमुद्रिकेत रस आहे तो या सांडण्यामुळे. तिघे आणि त्यांचे सूत्रधार एकच गोष्ट करीत नव्हते, आणि त्यांच्यातील हा बेबनाव कृतीत मुरलेला आहे.

अशा कृतीला ‘पोथी पाठ केलेला विद्यार्थी’ म्हणणे साँडर्स यांना शक्य झाले, याचे कारण मला तिच्या शीर्षकांत दिसते. या शीर्षकांची यादी म्हणजे उसनवारीचे प्रदर्शनच आहे. ‘किंगडम कम’ हे शब्द ख्रिस्ती प्रार्थनेतून बोलभाषेत उतरलेले आणि तेथे ‘परलोक’ असा अर्थ धारण केलेले. ‘हार्ड रेन फॉलिन’ म्हटले की बॉब डिलन यांच्या १९६३च्या ध्वनिमुद्रिकेतील गाण्याचे नाव कानात येते. ‘हेल हाउंड’मागे रॉबर्ट जॉन्सन यांच्या १९३७च्या ब्लूज गाण्यातील नरकाचा कुत्रा उभा आहे. ‘आय गॉट अ वुमन’ हे नाव रे चार्ल्स यांनी १९५४ मध्येच प्रसिद्ध करून ठेवले होते. आणि वाद्यवृंदाचे स्वतःचे नाव १९६९च्या ‘बुच कॅसिडी अँड द सनडान्स किड’ या चित्रपटातून उचललेले. तेथे ‘लॉर्ड बॉल्टिमोर’ हा माग काढणारा मूलनिवासी वाटाड्या आहे, जो प्रेक्षकाला दूरवरच दिसत राहतो. त्याच्या नावाआधी या मुलांनी आणखी एक ‘सर’ जोडला. ‘सर’ही आणि ‘लॉर्ड’ही : ज्याला दोन्ही पदव्यांतील भेद ठाऊक नाही किंवा ज्याला त्याची पर्वा नाही, अशा ब्रुकलिनच्या पोराची ही पदवी. आंतरसंहितात्मकतेच्या आपल्या चर्चांत उसनवारी ही नेहमी जाणती, सूचक, विद्वत्तेची असते. येथे ती अजाणतेपणाची आहे. हातात जे येईल ते उचलले, धूळ न झाडता.

अपवाद वाटावा असे एकच नाव आहे, आणि त्यासाठीच खरे तर मी हा लेख लिहायला घेतला. पहिल्या बाजूचे चौथे गाणे : ‘लेक आयल ऑफ इनर्सफ्री’. तीन धावत्या, आदळत्या गाण्यांनंतर एकाएकी हा संथ, हळवा, काहीसा जुन्या वळणाचा तुकडा येतो. विजेचा सारा गडगडाट थांबतो; ज्या गळ्यातून आतापर्यंत केवळ किंकाळी ऐकली तो खालच्या स्वरात, जवळजवळ संकोचाने गाऊ लागतो. शीर्षक येट्स यांच्या १८९० मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या कवितेचे आहे, हे इंग्रजी साहित्याच्या कोणत्याही विद्यार्थ्याला सांगावे लागणार नाही. मात्र येट्स यांचे बेट ‘इनिसफ्री’, यांचे ‘इनर्सफ्री’. गाणे म्हणजे त्या कवितेला लावलेली चालही नाही. केवळ नाव घेतले आहे, आणि तेही चुकीचे.

चूक म्हणून ती सोडून देता येईल. पण येट्स यांच्या कवितेची जन्मकथा आठवून पाहावी. आयर्लंडमधील स्लायगो परगण्यातील लॉख गिल सरोवरातले ते बेट कवीला आठवले ते लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवर, एका दुकानाच्या खिडकीतील लहानशा कारंज्याचा आवाज ऐकून. हे त्यांनी आपल्या आत्मचरित्रात नोंदवले आहे. म्हणजे मूळ कविताही महानगराच्या फरसबंदीवर उभ्या असलेल्या माणसाची आहे आणि तिचे बेट मुळातच दुकानाच्या काचेतून पाहिलेले आहे. आयरिश भाषेत ‘इनिस’ म्हणजेच बेट. त्यामुळे येट्स यांच्या शीर्षकातही बेट दोनदा येते, जसे या त्रिकुटाच्या नावात सरदारपद दोनदा येते. ब्रुकलिनच्या मुलांपर्यंत ही कविता पोहोचताना तिच्यातील आयर्लंड गळून गेले. बेटाचा शब्द त्यांच्या कानाला शब्द म्हणून ओळखताच आला नाही. त्याच्या जागी त्यांना ओळखीचे दोन इंग्रजी शब्द ऐकू आले : ‘इनर’, म्हणजे आतले, आणि ‘फ्री’, म्हणजे मुक्त. ज्यांच्याकडे मायभूमीचे सरोवर नव्हते त्यांनी बेट आत हलवले. लिहिणाऱ्याच्या मनात असे काही होते, असे मला मुळीच म्हणायचे नाही. असते तर चूक इतकी बोलकी झाली नसती. पाठभेदांचा अभ्यास केलेल्या कोणालाही हे ठाऊक आहे की लेखनिक जेथे घसरतो तेथे बहुधा त्याचा स्वतःचा काळ बोलतो.

आणि नेमके हे गाणे प्रकाराच्या इतिहासात बसत नाही. ‘किंगडम कम’ला हेवी मेटलची आद्य कृती मानणारे रसिक या गाण्याची मध्येच आलेले व्यत्यय म्हणून क्षमा मागतात, किंवा ते ओलांडून ‘पम्प्ड अप’कडे जातात. वास्तविक त्याच्याविना बाकीच्या नऊ गाण्यांतील धावपळ कशापासून आहे हे कळत नाही. प्रकाराची पोथी मागाहून सिद्ध झाली तेव्हा तिच्यात किंकाळी, गती, फाटका आवाज, परलोकाची भाषा हे सर्व घेतले गेले. हे बेट वगळले गेले. हळवे गाणे पुढे या प्रकारातही आले, पण ते ठरलेल्या जागी, ठरलेल्या परिणामासाठी. अशी अडखळती, चुकलेल्या नावाची शांतता पुन्हा आली नाही.

त्रिकुटाचे पुढे काय झाले हे थोडक्यात सांगता येते. १९७१च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या ‘फिलमोर ईस्ट’मध्ये ते ‘ब्लॅक सॅबथ’च्या आधी वाजवायला उभे राहिले, म्हणजे दोन्ही शक्यता एका रात्री एका मंचावर होत्या. त्याच वर्षी, लुई यांचे बंधू जोई डाम्ब्रा यांची दुसरी गिटार घेऊन, त्यांनी दुसरी ध्वनिमुद्रिका काढली. ती अधिक नेटकी आहे आणि मला कमी आवडते. नंतर बरीच वर्षे काही नाही. तिसरी निघाली ती २००६ साली. गार्नर २०१५च्या डिसेंबरमध्ये वारले.

सॅबथची कथा सर्वांना पाठ आहे : बर्मिंगहॅम, पत्र्याचा कारखाना, टोनी आयोमी यांच्या बोटांची तुटलेली अग्रे. त्या कथेत धातू अक्षरशः आहे, आणि प्रकाराच्या नावाला जणू ती मागाहून लाभलेली टीकाच आहे. ‘सर लॉर्ड बॉल्टिमोर’पाशी अशी कथा नव्हती. त्यांच्यापाशी एक परीक्षण होते. ते लिहिणारे साँडर्स स्वतः पुढे ‘अँग्री समोअन्स’ नावाच्या पंक वाद्यवृंदात गाऊ लागले. आपण कोणाचे बारसे केले या श्रेयावर ते थांबून राहिले नाहीत.

‘किंगडम कम’ पुढे अनेकदा पुनर्प्रकाशित झाली. त्या विद्यार्थ्याने दिलेली प्रत अशाच एका पुनर्प्रकाशनाची होती. चौथ्या गाण्याच्या नावातील स्पेलिंग तिच्यातही कोणी दुरुस्त केलेले नाही.